रिपोर्ट बघून पलीकडून फोन यायला हवा

संपादक महोदय,

दरवर्षी नोव्हेंबरात अँटिबायोटिक जनजागृती सप्ताहाच्या बातम्या येतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका वगैरे. बरोबरच आहे ते. पण तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरनं कुणाला विचारायचं, यावर कुणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी अशाच एका छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन आहे. रात्री थंडीतापानं फणफणलेला पेशंट येतो, बीपी लो असतं, तेव्हा सेफ्ट्रिअक्झोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन लगेच सुरू करावंच लागतं, सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे जिवावर बेतलेलं असताना, वाट बघत बसता येत नाही. खरी अडचण तिसऱ्या दिवशी सुरू होते. ताप उतरलेला, पेशंट उठून चहा-बिस्किट खातोय, आणि जिल्ह्याच्या लॅबचा कल्चर रिपोर्ट (रक्त-लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) व्हॉट्सॲपवर येतो, ई. कोलाय हा जंतू, खाली वीसेक औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस (औषध लागू पडेल) नाहीतर आर (लागू पडणार नाही). आता इंजेक्शन बंद करून गोळीवर आणायचं का, अजून किती दिवस द्यायचं, का थेट मेरोपेनेमसारखं भारीतलं अँटिबायोटिक लावायचं? बाहेर नातेवाईक म्हणतात डॉक्टर भारीतलं औषध द्या, पैशाचं बघू. एकट्या माणसाला अशा वेळी जे चालू आहे ते चालू ठेवणं किंवा आणखी वरचं औषध लावणंच सेफ वाटतं, आणि तसंच होतं.

दुसरं उदाहरण, कॅथेटर (लघवीची नळी) असलेली म्हातारी आजी, ताप नाही काही त्रास नाही, पण युरीन कल्चरमध्ये जंतू निघाले की सात दिवस अँटिबायोटिक ठरलेलं. कॅथेटर असलं की लघवीत जंतू सापडणारच, लक्षणं नसतील तर बहुतेक वेळा औषध लागतच नाही. अनुभवी मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा तज्ज्ञ डॉक्टर, हे दोन मिनिटांत सांगेल, पण तो इथून शंभर किलोमीटरवर मेडिकल कॉलेजात बसलाय.

याला उपाय आहे आणि तो करून बघितलेला आहे. अमेरिकेत इंटरमाउंटन हेल्थकेअर या हॉस्पिटलांच्या संस्थेच्या 15 छोट्या हॉस्पिटलांमध्ये असा प्रयोग झाला, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. संसर्गतज्ज्ञांना विचारायला हेल्पलाइन सगळ्याच हॉस्पिटलांना दिली होती, पण नुसत्या हेल्पलाइननं फारसा फरक पडला नाही. जिथे तज्ज्ञांनी लांबूनच महत्त्वाचे कल्चर रिपोर्ट स्वतः तपासले, बहुतेक अँटिबायोटिकवर नजर ठेवली आणि भारी औषधांना आधी मंजुरी लागायची, तिथेच वापर खरोखर कमी झाला, भारी औषधांचा तर जवळपास चौथ्या हिश्श्यानं. म्हणजे आम्ही विचारायची वाट न बघता पलीकडून फोन आला पाहिजे, कारण आपलं अडलंय हेच पुष्कळदा आम्हाला कळत नाही, आणि कळलं तरी मोठ्या सरांना कशाला त्रास द्या म्हणून आम्ही फोन करत नाही.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर आज उपकेंद्रातून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, मग 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला हे का मिळू नये? मेडिकल कॉलेजातला एक मायक्रोबायोलॉजिस्ट आणि एक फिजिशियन यांना रोज तासभर फक्त याच कामाला द्या, आणि ही त्यांची ड्युटी म्हणून धरा, उपकार म्हणून नको. जिल्ह्यातले कल्चर रिपोर्ट त्यांच्याकडे जावेत, त्यांचा सल्ला केसपेपरवर लिहिला जावा, शेवटचा निर्णय ट्रीट करणाऱ्या डॉक्टरचाच राहू द्या. कल्चर पाठवायचं कसं हेही ते शिकवतील, अजूनही ब्लड कल्चर अँटिबायोटिकचे दोन डोस गेल्यावर घेतलं जातं आणि बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली जाते, दोन्ही चूक आहे.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करा, आधी सरकारी रुग्णालयं घ्या आणि मग आमच्यासारखी छोटी खाजगी, त्यासाठी फी लावली तरी आम्ही भरू.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक फिजिशियन