त्या कार्डाबद्दल

नगर, १४ मार्च

प्रिय रूथ,

प्रभूमध्ये सलाम.

तीन महिने तुझे फोन उचलले नाहीत. माझा भाऊ सुधीर गेल्याचंही तुला दुसऱ्याकडून कळलं, आणि तरी तू रोज रात्री "आहे गं मी" एवढंच पाठवत राहिलीस. आम्ही बरे आहोत. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, माझी शुगर आटोक्यात आहे.

उत्तर द्यायला हात धजावला नाही, त्याला कारण ते कार्ड. तुझं बाळ गेलं तेव्हा मी पाठवलेलं. निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, बायबलमधलं रोमकरांस पत्र ८:२८. "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक." तुझं उत्तर आलं नाही, तर मी तरुण संघात सांगत सुटले की रूथचा विश्वास डळमळलाय, तिच्यासाठी प्रार्थना करा. तुझ्या कानावर गेलं असणारच. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस.

दफनाच्या संध्याकाळपासून तेच वचन मला येतंय. मोबाइलवर, गुलाबाच्या चित्रासकट. वचन खोटं नाही गं, आजही म्हणते. पण कबरीची माती ओली असताना ते दुसऱ्याने आपल्याला ऐकवायचं नसतं. भेटायला आलेल्या एक बाई तर म्हणाल्या, "विश्वास कुठेतरी कमी पडला असेल." मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले. तेव्हा तू आठवलीस. कार्ड हातात घेऊन तूही अशीच कुठेतरी उभी राहिली असशील.

कमी कसा पडेल? चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुधीरच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेला, त्या फिस्टुलाला, बोट लावलं की आत थरथर लागायची, मांजर गुरगुरतं तशी. आई रात्रीच्या प्रार्थनेला तिथेच हात ठेवून बसायची. पुण्याच्या यादीत नाव होतं. एकदा रात्री दोनला फोन आला, किडनी आहे, निघा, पण तुमचा नंबर दुसरा. पहाटे पोचलो. पहिल्याचं जुळलं. परत येताना शिक्रापूरला चहाला थांबलो, त्याने अर्धा कप घेतला आणि म्हणाला, "ताई, ज्याला मिळाली त्याच्यासाठी प्रार्थना कर." मी केली. मनापासून नाही केली, हे फक्त तुला सांगते.

त्याला पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर चालायचं. प्रभुभोजनाचा तो इवलासा प्याला हातात आला की माझ्याकडे झुकून कुजबुजायचा, "हा घोट हिशेबात धरायचा नाही हं, हा वरच्या खात्यातला." पाळकसाहेबांनी एकदा आम्हाला हसताना पकडलं होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. तेव्हापासून प्रभुभोजनाचं ताट समोर येतं आणि मी तसंच पुढे सरकवते. तीन वेळा झालं. आई काही विचारत नाही.

वसतिगृहात कवी नारायण वामन टिळकांवरून झालेलं आपलं भांडण आठवतं? मी म्हणायचे, १८९५ साली बाप्तिस्मा घेताना टिळकांनी सगळं सोडलं, धैर्य त्याला म्हणतात. तू उसळून म्हणालीस, "आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई? तिला कोणी विचारलं होतं? ती बिचारी वर्षानुवर्षं ताटकळली, तेव्हा कुठे १९०० साली आपल्या पायांनी आली." दोन दिवस अबोला, वर माझ्या वाट्याच्या शेवयाही खाल्ल्यास! तुझं खरं होतं, रूथ. सोडणं एका दिवसात होतं. थांबलेल्या माणसाला रोज सकाळी उठावं लागतं.

केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनलाही आपण गेलो होतो. त्यांची लेक मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये, आणि मधल्या काळात त्या बायबलच्या भाषांतराला चिकटून होत्या. तेव्हा वाटलं होतं, काय खंबीर बाई. आता वाटतं, हाताला ते काम नसतं तर त्या आईचं काय झालं असतं!

रात्री मी वाचते ती दोनच स्तोत्रं. तेरावं, ज्यात चारदा "कोठवर" आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधारातच संपतं. ते तसंच ठेवलंय, शेवटी कोणी गोड केलेलं नाही, याचा मला फार आधार वाटतो. बेथानीची, मेलेल्या लाजराला उठवल्याची गोष्ट मात्र पुरती गिळवत नाही. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू दोन दिवस होता तिथेच का राहिला? त्याची बहीण मार्था तोंडावर म्हणाली, इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने ऐकून घेतलं, आणि पुढे रडला. मी अजून तिथेच आहे, त्या रडण्यापाशी. कबरीवरचा दगड काढायच्या ओळीपर्यंत पोचतच नाही.

ज्योएलचे बारावीचे पेपर कसे जातायत? नवं घर लागलं का? गुडघ्याला शेक देत जा.

एक सांगायचं राहिलं. आईच्या प्रार्थनेत नावांची यादी असते, ठरलेल्या क्रमाने. सुधीरचं नाव आलं की ती थांबते. मागत काहीच नाही. बाहेर रिक्षा जाते, पंखा कुरकुरतो, मग पुढचं नाव. तिने ते गाळलं नाही. मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना येत नाही, पण ती थांबते तेव्हा मीही थांबते.

तुझ्या बाळाचं नाव काय ठेवणार होतीस, मी कधी विचारलंच नाही. कळव. आईला सांगायचंय.

तुझी,
विमल