थायलंडला जाताय, तर वाटण शिकून या

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाच्या पुरवण्यांमध्ये थायलंडवरचे लेख येतात. बँकॉकच्या यावरातमध्ये, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत काय खावे, चिआंग माईला खाओ सोई, म्हणजे करीतल्या नूडल्स कशा लागतात, हे त्यांत असते. सोबत चौकटीत हिरव्या करीची कृतीही असते: गलांगलऐवजी (आल्यासारखा दिसणारा कंद) आले, मखरूत लिंबाच्या (खडबडीत सालीचे, सुवासिक पानांचे लिंबू) पानांऐवजी साधे लिंबू, आणि सगळे नारळाच्या दुधात एकत्र उकळा. हा त्या पदार्थावर अन्याय आहे. तिथे जाणाऱ्याला अर्ध्या दिवसाच्या पाकवर्गात मूळ पद्धत सहज शिकता येते. मात्र काय बघायचे, हे आधी ठाऊक हवे.

वर्ग निवडताना एकच प्रश्न विचारावा: वाटण आम्ही स्वतः कुटणार, की तयार मिळणार? तयार वाटण देणाऱ्या वर्गात शिकण्यासारखे फार थोडे उरते. हिरव्या करीचे सगळे मर्म दगडी खलबत्त्यात आहे. चौघांपुरत्या वाटणासाठी १५ बारीक तिखट हिरव्या मिरच्या, एक मोठा चमचा धणे व एक चहाचा चमचा जिरे (दोन्ही कोरडे भाजून), अर्धा चमचा पांढरी मिरी, एक मोठा चमचा चिरलेले गलांगल, तीन मोठे चमचे गवती चहाच्या बुडख्याच्या पातळ चकत्या, चमचाभर मखरूत लिंबाची किसलेली साल, चार-पाच कोथिंबिरीची मुळे, छोटे कांदे आणि लसूण प्रत्येकी तीन मोठे चमचे चिरून, आणि शेवटी चमचाभर कापी, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून आंबवलेला लगदा. गवती चहाची हिरवी पाती इथे चालत नाही. ती चोथट असते, कुटली जात नाही. लिंबाच्या सालीखालचा पांढरा भाग आला तर वाटण कडवट होते.

क्रमही महत्त्वाचा. आधी कोरडे मसाले कुटून बाजूला काढायचे. मग मिरच्या मिठाबरोबर, त्यानंतर गलांगल आणि गवती चहा, कांदा-लसूण शेवटी. रसाळ जिन्नस आधी पडले की बत्ता घसरतो आणि धागे तसेच राहतात. मिक्सर फिरावा म्हणून पाणी घातले, तर ते वाटण पुढे परतले जात नाही, नुसते शिजते. मिक्सर वापरायचाच असेल तर पाण्याऐवजी नारळाचे घट्ट दूध घालावे.

दुसरी गोष्ट दुधाची. पहिले घट्ट दूध कपभर घेऊन मध्यम आचेवर आटवायचे, ते फुटून कडेने तेल सुटू लागले की त्यात तीन मोठे चमचे वाटण घालून वास बदलेपर्यंत परतायचे. बहुतेक घरगुती प्रयत्न इथेच फसतात. दूध फुटेल या भीतीने आच कमी ठेवली जाते, पण इथे ते फुटायलाच हवे. खोक्यातल्या दुधात स्थिर राहण्यासाठी घटक मिसळलेले असतील तर कितीही आटवले तरी तेल सुटत नाही. अशा वेळी चमचाभर तेलात वाटण परतावे आणि दूध नंतर घालावे. मग ४०० ग्रॅम चिकन, दोन मोठे चमचे नाम प्ला, म्हणजे आंबवलेल्या माशाचा खारट रस, एक मोठा चमचा ताडगूळ, दोन कप पातळ दूध, छोटी गोल वांगी. मखरूतची पाने मधली शीर काढून मग घालायची. होरापा, म्हणजे थाई गोड तुळस, आच बंद केल्यावर. होरापाच्या जागी क्रापाओ ही दुसरी तुळस घालू नये. ती आपल्या तुळशीच्याच जातीची आहे आणि तिची जागा मोठ्या आचेवरच्या परतलेल्या पदार्थांत.

शाकाहारी प्रवाशांसाठी हे मुद्दाम लिहीत आहे. ‘माइ साइ नाम प्ला’, म्हणजे माशाचा रस घालू नका, एवढे सांगितले की काम झाले असे अनेकांना वाटते. करीच्या बाबतीत ते खरे नाही, कारण कापी वाटणातच कुटलेली असते आणि पातेले सकाळीच तयार झालेले असते. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिचे वेगळे: ती मागणीनुसार समोर कुटतात, त्यामुळे नाम प्ला आणि सुकी कोळंबी दोन्ही वगळायला सांगता येते. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या ठिकाणी मांस, मासे, अंडी यांच्यासोबत कांदा-लसूणही नसतो; जैन वाचकांना त्याचा उपयोग होईल, मात्र कंदमुळांबद्दल वेगळे विचारावे लागेल. पाकवर्गाला शाकाहाराची कल्पना नोंदणी करतानाच द्यावी. म्हणजे कापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचे ताओ जिआओ आणि नाम प्लाऐवजी फिका सोया सॉस ते आधीच मांडून ठेवतात.

शक्यतो बाजारफेरी असलेला सकाळचा वर्ग घ्यावा. चिआंग माईच्या वारोरोत किंवा बँकॉकच्या ओर तोर कोर बाजारात ताज्या वाटणांचे ढीग वजनावर विकायला असतात. ते वाटण घेतले तर नाम प्ला आधी निम्मेच घालून चव पाहावी, कारण विकतच्या वाटणात मीठ बरेच जास्त असते.

आपला,
एक वाचक