सर, तुम्ही गप्प राहिलात त्याबद्दल

सर, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोनवर आभार मानायचेच राहिले. घसा दाटला होता. म्हणून हे उघड पत्र. नाव घालायचं नाही अशी तंबी तुम्हीच दिलीत, ती पाळतोय.

मी एका दूध संघाच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. तीन आठवडे रोज सकाळी सातपासून गावोगावच्या संस्थांचे सचिव मला झापत होते, "काल संध्याकाळचं दूध दिसत नाही, लिटर गेले कुठं?" दुपारी आकडे आपोआप बरोबर यायचे. त्यात रोज साडेअकराला सगळ्यांच्या स्क्रीन पाच-सात मिनिटं अडकायच्या. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीची उत्तरं ठरलेली. ब्राउझरची कॅशे उडवा, नेट बघा, सर्व्हर बंद-चालू करा. शेवटी तर त्यांच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये "तुमच्या माणसाला ट्रेनिंग द्या" असं सांगून टाकलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जॉबच्या, म्हणजे रोज ठरल्या वेळी आपोआप आकडे ताजे करणाऱ्या कामाच्या, नोंदीत 'यशस्वी' असंच येत होतं.

आणि मग तुम्ही. ओळख ना पाळख, मित्राने नंबर दिला एवढंच. रात्री साडेनऊला फोन उचललात. मी म्हटलं, रिमोटवर कंट्रोल देतो. तुम्ही म्हणालात, "नको, कीबोर्ड तुमच्याकडेच राहू द्या." मग विचारलंत, जॉब किती वाजता चालतो? सहाला, मी म्हटलं. स्क्रीन कधी अडकतात? साडेअकराला. "मध्ये किती वेळ गेला?"

साडेपाच तास.

आणि तुम्ही गप्प बसलात. पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा येत होता. नोंदीतल्या वेळेच्या शेवटी बारीक अक्षरात +०० होतं, ते तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा वाचलं आणि ओरडलोच, "सर, हे ग्रीनिचचे सहा आहेत!" तुम्हाला ते आधीच कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण सांगितलं नाहीत. मला सापडू दिलंत. मीटिंगमध्ये जे गेलं होतं, ते त्या अर्ध्या मिनिटात परत मिळालं.

पुढचं तसं छोटं होतं. पीजी-क्रॉन, म्हणजे डेटाबेसमधले जॉब ठरल्या वेळी सुरू करणारा गजर, मुळात ग्रीनिचच्या घड्याळावर चालतो, आणि ते आपल्या साडेपाच तास मागे, हे बसवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमधला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणजे एकदा बेरीज करून ठेवलेलं पान. मूळ वहीत दूध चढलं तरी पान आपणहून बदलत नाही, कुणीतरी रिफ्रेश म्हणावं लागतं. आणि साधा रिफ्रेश चालू असताना ते पान कुणाला वाचतासुद्धा येत नाही. म्हणजे सकाळचे शिळे आकडे आणि साडेअकराचं गोठणं, दोन्ही एकाच चुकीची पोरं. वाचणाऱ्यांना न अडवता रिफ्रेश करायची 'कॉन्करंटली'ची सोय ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. एक युनिक इंडेक्स, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी सूची, लागतो, बस्स. पैसे घेणाऱ्या कंपनीला हे माहीत नसावं, आणि फुकट फोन उचलणाऱ्याला तोंडपाठ असावं! असो.

माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात, सर. बहुतेकांना ती समोरच्याच्या डोक्यावर आपटायची असते. दुसऱ्याला आधी बोलू देणारा, तेही उत्तर जिभेवर असताना, मला क्वचितच भेटलाय. हल्ली प्रिंटरचा कागद अडकला म्हणून कुणी हाक मारली, तर मी हात मागे बांधून उभा राहतो. लोकांना वाटतं आळशी झालाय.

आता जॉब आपल्या सहाला चालतो. सचिवांचे फोन बंद झालेत. एकाचा आला परवा, पण तो फॅट कमी लागली म्हणून, आणि ते काही माझ्या हातात नाही.

फीचं विचारलं तर तुम्ही हसण्यावारी नेलंत. निदान संघातून खरवस पाठवू द्या. पत्ता जरा लवकर कळवा, तो शिळा झाला तर त्याला रिफ्रेश नाही.

तुमचा,
प्रिंटरशेजारचा