मोटार वीज देते, पण तिला फिरवतो कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यातल्या राजूरचा. गेली ३१ वर्षं विजेच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्याचं, काम करतो. पत्रं लिहायची सवय नाही, पण गेल्या महिन्यात दुकानात जे आलं ते पाहून राहवलं नाही.

वरच्या अंगाच्या एका वाडीतला तरुण शेतकरी पिकअपमधून लाल रंग मारलेला एक लोखंडी डबा घेऊन आला. सोबत त्याची आई होती. "भाऊ, हे वीज तयार करायचं मशीन आहे. आठ दिवस चाललं, आता बल्ब लागत नाही," तो म्हणाला. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यानं ते ४२ हजारांना मागवलं होतं. एकदा चालू केलं की मोटार जनरेटरला फिरवते आणि जनरेटर मोटारीला वीज पुरवतो, वर घरभर उरते, असं त्याला सांगितलं होतं. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट गेली की चार-चार दिवस येत नाही, त्यामुळं त्याला मोह पडला यात नवल नाही. पैसे दोन वर्षांच्या हिरड्याचे होते.

वर एक हॉर्सपॉवरची मोटार, बेल्ट, जड गतिचक्र आणि गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला जनरेटर. खालच्या प्लायवूडचे चार स्क्रू काढले तर आत दोन बॅटऱ्या, त्यांच्या शेजारी इन्व्हर्टर, आणि तिथून एक वायर पत्र्याच्या कडेकडेनं थेट बाहेरच्या सॉकेटला गेलेली. अल्टरनेटरच्या टर्मिनलला वायरच नव्हती! तो नुसता फिरत होता, बघणाऱ्याला दिसावं म्हणून. घरच्या लाइटवर भरलेल्या बॅटऱ्या इतके दिवस बल्ब पेटवत होत्या, त्या आता बसल्या होत्या. आई माझ्याकडं बघत होती. "चालू करून दे ना रे," म्हणाली. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

यातलं अर्धं बोलणं खरं आहे, म्हणून लोक फसतात. मोटार जनरेटर होते, हे अगदी खरं. आयटीआयला आमचे गुरुजी १८७३ सालच्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनाची गोष्ट सांगायचे. तिथं झेनोब ग्राम यांनी बनवलेल्या एका डायनामोला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राला, दुसऱ्या चालत्या डायनामोची वीज जोडली आणि तो मोटार होऊन फिरू लागला. यंत्र तेच, काम उलटं. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना त्यांच्या मोटारी हेच करतात, गाडीचा वेग कमी होतो आणि वीज तारेत परत जाते.

लांब कशाला, आमच्याच तालुक्यातल्या घाटघरच्या वीज प्रकल्पात २००८ पासून १२५ मेगावॅटची दोन यंत्रं बसलेली आहेत. विजेची मागणी कमी असते तेव्हा ती मोटार होऊन खालचं पाणी चारशे मीटरहून अधिक उंच चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतात आणि तीच यंत्रं जनरेटर होतात. पण पाणी चढवायला जेवढी वीज लागते त्याहून कमीच परत मिळते. सरकारच्या एवढ्या मोठ्या यंत्राला जे जमत नाही ते ४२ हजारांच्या डब्याला कसं जमेल? छोट्या मोटारीला १०० वॅट दिले तर बेल्टवर ७५ पोचतात. चांगला जनरेटर असला तरी त्यातून ५६ निघतील. बाकीचं उष्णतेत जातं, मोटारीला हात लावून पाहा, कळेल. गतिचक्र कितीही जड लावा, ते घेतलेलंच परत देतं.

जिथं फिरवणारं दुसरं कुणीतरी असतं तिथं मात्र साधी जुनी मोटारसुद्धा सोनं आहे. हे मी स्वतः केलंय. एका ओढ्यावर पाऊसकाळात २०० लिटरचं टिपाड २५ सेकंदांत भरत होतं, म्हणजे सेकंदाला ८ लिटर. उतार ४५ फुटांचा. हिशोबानं त्या पाण्यात १,०७५ वॅटची ताकद होती. चार इंची पाइपानं पाणी खाली आणून नोझलमधून लोखंडी पळ्यांच्या चाकावर सोडलं, चाकाला १८ इंची पुली, मोटारीला ३ इंची. मोटार भंगारातली, २ हॉर्सपॉवरची थ्री फेज. पाटीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिले होते. अशा मोटारीच्या आतलं विजेचं चुंबकत्व १५०० फेऱ्यांनी फिरतं. वीज घेताना मोटार त्याच्या जितकी मागं राहते, द्यायची तर साधारण तितकंच पुढं रेटावं लागतं, म्हणजे १५६० च्या आसपास.

पहिल्या दिवशी चाक जोरात फिरलं, पण टेस्ट लॅम्प मिणमिणलासुद्धा नाही. या मोटारीत स्वतःचं चुंबक नसतं. लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर सुरुवात होते आणि ते वाढवायला कंडेन्सर लागतात. तेही रनिंगचे, स्टार्टिंगचे लावले तर फुगून फुटतात. टाँग टेस्टरनं, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायच्या मीटरनं, मोटारीचा बिनलोडचा करंट दीड अँपिअर आला होता, त्यावरून दर दोन फेजमध्ये सात मायक्रोफॅरडचा एक असे तीन बसवले होते. हिशोब बरोबर होता, चुंबकत्वच गेलं होतं, कारण मोटार कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून होती. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी दोन वायरींना क्षणभर टेकवली, पाणी पुन्हा सोडलं, आणि दिवा पिवळा, मग पांढरा होत गेला. ४०० वॅट मिळाले. तीन घरांना पुरले.

त्यातही धोके आहेत. लोड एकदम कमी झालं की चाक पळतं, व्होल्टेज चढतं आणि बल्ब फुटतात. आम्ही उरलेली वीज पाणी तापवायच्या कॉइलीत सोडायचो. बंद मशीनच्या कंडेन्सरनंही शॉक बसतो. सर्वांत वाईट म्हणजे अशी घरची वीज, मोटारीची असो वा ट्रॅक्टरवरच्या जनरेटरची, मंडळाच्या लाइनला जोडलेली राहिली तर डीपीतून (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढून ११ हजार व्होल्ट होऊ शकते. खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून हात लावतो. त्याचंही घर वाट बघत असतं. म्हणून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी मंडळाची किंवा घरची एकच वीज जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मी कुणालाही जोडणी करून देत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, फुकट विजेच्या या डब्यांबद्दल एकदा ठळक छापा. आयटीआयमध्ये मोटार भरायला शिकवतात, तशी कंडेन्सर लावून तिच्याकडून वीज कशी घ्यायची हेही पोरांना शिकवावं, आमच्या डोंगरात ओढे काही कमी नाहीत. आणि कुणी असं मशीन विकायला आला तर मोटारीला फिरवतं कोण एवढं विचारा. पाणी, वारा, डिझेल, बैल यांपैकी काहीच नाव आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

त्या पोरानं तो डबा माझ्याकडेच ठेवलाय. मी प्लायवूड परत लावलेलं नाही. बाजारच्या दिवशी दुकानात येणाऱ्यांना उघडून दाखवतो.

आपला,
एक मोटार वाइंडिंग कारागीर, राजूर (ता. अकोले)