न विचारता घेतलेली तारीख

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या उजव्या अंगठ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे. तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार, वाशीला, सकाळची पहिली केस. न विचारता घेतली, कबूल. विचारलं असतं तर आई म्हणाली असती, दिवाळी होऊ दे. मग संक्रांत, मग पाडवा. म्हणून दिवाळी मी आधीच होऊ दिली आहे.

बाबा, तुमचं म्हणणं, अंगठ्याला आधाराचा पट्टा आहे, दुखण्यावर चोळायचं जेल आहे, घाई कशाला. पट्ट्याला सात महिने झाले. जेल दिवसातून चार वेळा नेमाने लावलं. सांध्यातल्या स्टिरॉइडच्या पहिल्या इंजेक्शनने चार महिने बरे गेले, दुसऱ्याने जेमतेम पाच आठवडे, आणि आठवडाभर साखर चढली ती वेगळीच. तिसऱ्याने आणखी कमी दिवस मिळतील. शिवाय इंजेक्शननंतर निदान तीन महिने थांबूनच चिरायचं, नाहीतर जंतुसंसर्गाची भीती वाढते. तारीख तेवढी मोजूनच घेतली आहे. आणि आई, परवा तू चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचललास, ते मी पाहिलं. तू पदराआड हात घेतलास, तेही पाहिलं.

अंगठ्याच्या बुडाशी ट्रॅपेझियम नावाचं सुपारीएवढं हाड असतं. अंगठ्याचं हाड त्यावर खोगिरावर बसल्यासारखं बसतं, म्हणून अंगठा सगळीकडे फिरतो. चिमटीच्या टोकाला १ किलो दाब दिला की बुडाशी साधारण १२ पट भार येतो. लायटर, ब्लाउजचा हूक, किल्ली, मोदकाच्या कळ्या, सगळं त्याच खोगिरावर. आता तिथली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गुळगुळीत गादी, गेली आहे, हाडावर हाड घासतंय. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी नुसत्या एक्स-रेवर ऑपरेशन ठरवत नाहीत, दुखणं पाहून ठरवतात. दुखणं तू लपवतेस, एवढाच घोळ.

बाबा, आता तुम्ही सुचवलेला कृत्रिम सांधा. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. कल्पना चांगली आहे, खुब्यासारखी बारीक वाटी आणि दांडा, आणि पहिले काही महिने हात खरंच लवकर चालतो. पण ती वाटी बसते ट्रॅपेझियममध्येच. आईची हाडं ठिसूळ, वाटी सैल होण्याची किंवा हाडच चिरण्याची धास्ती. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याच हाडाचा मनगटाकडचा सांधाही झिजलाय. वरचा बदलला तरी खालचा दुखतच राहील. आणि वाटी निसटली तर शेवटी हाड काढायचंच. मग आधीच का नको? महाग ते चांगलं हा नियम फ्रिजला ठीक आहे, बाबा.

सांध्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकतात, तेही विचारलं. ते हातोडा चालवणाऱ्या तरुण माणसासाठी. तळहात टेबलावर सपाट टेकत नाही, तांब्यात हात शिरत नाही. आईला तांब्यात हात घालूनच घासायचं असतं. तेही नको.

म्हणून ते हाड नुसतं काढायचं. "हाड काढणार" ऐकून आई घाबरली, पण मोकळ्या जागेत रक्त साकळतं, त्याची व्रणासारखी घट्ट गादी होते आणि अंगठा त्यावर तोलला जातो. अंगठा काही मिलिमीटर आखूड होतो, तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. काही सर्जन हाताच्या पुढच्या बाजूचा कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, घेऊन त्या जागी गुंडाळी बसवतात. पण वेदना आणि जोर यांत त्याने फार फरक पडतो असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही, गुंतागुंत मात्र थोडी वाढते. म्हणून साधंच सांगितलंय. दोन गोष्टी डॉक्टरांनी बघायलाच हव्यात: अंगठ्याचा मधला सांधा मागे किती वाकतो (३० अंशांच्या वर असेल तर त्याच वेळी दुरुस्त करायचा, नाहीतर बूड पुन्हा खचतं), आणि रात्री तू हात झटकतेस त्यासाठी नसेची चाचणी. नस दाबलेली निघाली तर त्याच भुलीत तीही मोकळी होईल.

भूल फक्त हाताला. काकांच्या वेळचं मनात आणू नका, ते वेगळं होतं.

सहा आठवडे नेरूळला माझ्याकडे. बाबा, तुमचा चहा साडेपाचलाच होईल, आलं ठेचून, किसून नाही. तलावपाळीची फेरी चुकेल, पण इथे ज्वेल बागेतला तळ्याकाठचा रस्ता आहे, बाकं मी मोजून ठेवली आहेत. ठाण्याचं आपलं घर बघून यायचं तर नेरूळहून थेट लोकल आहे. आईला खिडकीजवळची खाट, तिचीच उशी. लहानपणी तू माझी बोटं एकेक मोजत तेल लावायचीस, तसं टाके निघाल्यावर व्रण चोळून देईन. नाही म्हणू नकोस.

खरं तेही सांगते. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतील, पट्टा चार ते सहा आठवडे. दुसऱ्या महिन्यात "उगाच केलं" असं वाटेल, बऱ्याच जणांना वाटतं. हलकी कामं तीन महिन्यांनी, कणीक चार-सहा महिन्यांनी, पुरता जोर यायला वर्ष. अंगठ्याच्या पाठीवर बधिर डाग राहू शकतो. पण दुखणं जाण्याची खात्री बरीच चांगली आहे.

तोवर ऐका. चकलीचा सोऱ्या बंद, फराळ विकत. पंचा नळाला गुंडाळून पिळायचा, तोही बाबांनी. पातेलं तळव्यावर उचलायचं. मोबाइलवर अंगठ्याने नाही, तर्जनीने. आईची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बाबा, शेजाऱ्यांनी सांगितलं तरीही. HbA1c, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, दिवाळीआधी करून घ्या. उजव्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी आदल्या दिवशी काढायची, सूज आली की कापाव्या लागतात. डाव्या हातातल्या राहू दे, तेवढं मी मान्य केलंय. ऑपरेशननंतर हात छातीच्या वर, आणि बाकी चार बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. बोटं चकचकीत सुजली, रंग बदलला, दुखणं झोपू देईना, तर सकाळची वाट न बघता मला उठवायचं. मी शेजारच्याच खोलीत असेन.

जुने एक्स-रे कपाटात निळ्या पिशवीत आहेत, ते आणा. मेडिक्लेमचं कार्डही. आणि आई, पिशवी बाबांना उचलू दे.

तुमची
चिमी