एक कोटी आणि तीन दारं

अमळनेर

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. भुसावळचा उन्हाळा पुरत नाही म्हणून की काय, तू टॅक्सवरूनही तापला आहेस. ‘देश आम्हा पगारवाल्यांच्या जिवावर चालतो, श्रीमंतांवर दर वाढवा’ असं तुझं म्हणणं, आणि जावईबापूंनी ऐकवलं की प्राप्तिकराचा मोठा हिस्सा वरचे मूठभर लोकच भरतात. आकड्यात जावई बरोबर आहेत. तरी तुझं चिडणंही काही वावगं नाही. आमच्या ऑफिसात दरवर्षी रिटर्नचे गठ्ठे उपसताना मला दिसतं ते असं, की माणूस किती श्रीमंत आहे यापेक्षा पैसा कोणत्या दारानं घरात आला याला जास्त किंमत आहे.

२०२५-२६ चे, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीचे दर धर. वर्षाला १ कोटी पगार असलेल्याचे, ७५ हजारांची वजावट देऊन, सरचार्ज-सेस या करावरच्या जादा आकारण्यांसकट सव्वाएकोणतीस लाख जातात. ते हातात पडायच्या आधीच टीडीएसनं, म्हणजे पगारातूनच, कापले जातात, लपवायची सोयच नाही. दुसऱ्यानं वर्षभर काही केलं नाही, फक्त जुने शेअर विकले आणि १ कोटी नफा कमावला. त्याला साधारण साडेतेरा लाख. तिसऱ्याचं १ कोटी निव्वळ शेतीचं असेल तर शून्य.

लगेच रावेर-यावलच्या केळीवाल्यांवर घसरू नकोस. एका वादळात उभी बाग आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूरोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. चार-पाच एकरवाल्याकडे कर मागायचा म्हणजे चेष्टाच. माझा राग आहे तो सातबाऱ्यावर केळी आणि शिवारात कुसळं असलेल्यांवर. धंद्याचा पैसा शेतीच्या नावानं दाखवला की झाला मोकळा!

आता आपल्या गावचंच घे. १९४५ साली इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांनी तेव्हा घेतलेले शेअर जपून ठेवले. बोनस म्हणून फुकट शेअरवर शेअर मिळत गेले आणि साध्या माणसांची पोरं कोट्यधीश झाली. मला त्यांचा हेवा नाही, उलट अभिमान वाटतो. पण हिशोब बघ. शेअरचा भाव कितीही वाढो, विकत नाही तोवर त्या वाढीवर एक पैसा कर नाही. लाभांशावर तेवढा भरावा लागतो, तोही भागधारकाच्या हातात २०२० पासून. म्हातारा गेला की शेअर मुलाच्या नावावर, तेव्हाही कर नाही. नातवानं विकले तरच सरकारला काही मिळणार. तुझ्या पेन्शनीला अशी पिढ्यान्‌पिढ्या थांबायची सवलत कोणी दिली आहे का?

पूर्वी वारशावर कर होता. १९५३ ला आला, १९८५ ला गेला. संपत्तीकर १९५७ चा, तो २०१५ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी काढला आणि बदल्यात कोटीवरच्यांना २ टक्के जादा सरचार्ज लावला. त्या करातही गंमत होती. १९९३ नंतर सराफाकडून घेतलेले दागिने त्यात मोजले जायचे, शेअर नाही. म्हणजे जळगावचं सोनं धरायचं आणि दलाल स्ट्रीटचं सोडायचं!

म्हणून ‘श्रीमंतांवर दर वाढवा’ ही तुझी मागणी मला पटत नाही. १९७३-७४ साली वरचा दर ९७.७५ टक्के होता. लोकांनी काय केलं? उत्पन्न दाखवायचंच बंद केलं. दर वाढवला की सापडतो तो पगारवालाच, कारण त्याचंच सगळं कागदावर असतं. मी म्हणतो, आहे तोच दर ठेवा, पण मोठ्या रकमेच्या शेअरनफ्याला पगाराच्या रांगेत आणा. आणि काही कोटींच्या वरचा वारसा मिळाला तर त्यातून थोडं घ्या. राहतं घर, शेती सोडून. मुलानं त्यासाठी घाम गाळलेला नसतो, एवढं तर जावईबापूही मान्य करतील.

की नाही करणार? त्यांचे स्वतःचे शेअर किती आहेत ते आधी विचार, मग माझं पत्र दाखव.

फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, आला की त्याचा फोटो पाठव, जुनी पद्धत की नवी ते मी बघून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना