जुने प्रोसेसर गेले, तोलकाटा राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का, हा प्रश्न इंदूरच्या सियागंज बाजारातही आहे. पण दुकानदाराचे घोडे अडते ते तोलकाटा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलपाशी.

ऑपरेटिंग सिस्टिमने अडगळीतले कोणते हार्डवेअर सांभाळावे, हे ते वापरणाऱ्यांची डोकी मोजून ठरवू नये. काट्याला जोडलेल्या मशीनला बहुधा इंटरनेटच नसते; डेबियन या लिनक्सच्या प्रकारात कोण कोणते प्रोग्राम वापरतो याची मोजणीही ज्याने होकार दिला त्याचीच होते. पाहावे ते हे की त्या वस्तूचा भार इतरांवर किती पडतो, आणि नवी आवृत्ती आली की ती जोडून तपासणारा कोणी आहे का.

प्रोसेसरचा भार सगळ्यांवर पडतो. त्याच्या खोडी मेमरीपासून लॉकिंगपर्यंत कर्नलभर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात सगळीकडे, सांभाळाव्या लागतात. लिनक्सने कर्नलच्या ३.८ आवृत्तीत इंटेलचा जुना ३८६ प्रोसेसर काढला, २०१८ साली ४.१७ मध्ये एका दमात आठ प्रोसेसर-घराणी काढली, ६.७ मध्ये इंटेलचा सर्व्हरसाठीचा इटॅनियमही. बरे केले. (डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही म्हणून धास्तावलेल्यांनी आधी प्रोसेसरची माहिती देणारी 'एलएससीपीयू' ही कमांड चालवून बघावी. कोअर टू डुओ प्रोसेसर ६४ बिटचाच आहे, त्यावर टाकलेली विंडोज तेवढी अनेकदा ३२ बिटची असते. ३२ बिटच्याच ॲटम एन२७० प्रोसेसरवाले मात्र खरेच अडकले.)

काट्याचे जुने सीरियल पोर्ट यूएसबीला जोडणाऱ्या यूएसबी-सीरियल केबलचे तसे नाही. तिचा ड्रायव्हर म्हणजे एक सुटी फाइल; केबल लावली तरच लोड होतो. विंडोज ११ वर अशा केबलमधल्या जुन्या पीएल२३०३ चिपच्या नावाच्या जागी 'फेज्ड आउट सिन्स २०१२' (२०१२ पासून बंद) अशी पाटी झळकते आणि केबल बंद. चिप धडधाकट असते. लिनक्समध्ये तीच 'टीटीवाययूएसबी०' या नावाचे पोर्ट म्हणून लागते. परवानगी नाकारली तर युजरला सीरियल पोर्ट वापरू देणाऱ्या 'डायलआउट' ग्रुपमध्ये टाकून पुन्हा लॉगिन करावे. आकड्यांऐवजी गिचमीड आली तर बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, काट्याच्या सेटिंगशी जुळवावा.

अशाच केबलमधल्या सीएच३४० या दुसऱ्या चिपची गोष्ट जास्त गुंत्याची. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर ती केबल लावली की पोर्ट दिसते आणि लगेच गायब होते. स्क्रीनवरचा मजकूर बोटांनी वाचू देणाऱ्या काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच चिप आणि हाच यूएसबी नंबर असल्याने अंधांसाठीचा 'बीआरएलटीटीवाय' प्रोग्राम केबल आपली समजून पळवतो. तो प्रोग्रामच उडवा, असा सल्ला सर्रास मिळतो. गल्ल्यावर चालेल, पण दृष्टिहीन माणूस ते मशीन ब्रेलवर वापरत असेल तर त्याचा स्क्रीनच काढून घेतल्यासारखे होईल. त्याचा डिस्प्ले वेगळ्या नंबरचा असेल, तर युडेव्ह (लावलेले उपकरण ओळखणारी व्यवस्था) याच्या नियमांच्या फाइलमधली १ए८६:७५२३ या यूएसबी नंबरची ओळ तेवढी बंद करावी, तीही ती फाइल 'इटीसी' या सेटिंगच्या फोल्डरमध्ये कॉपी करून, त्या प्रतीत. मूळ फाइल बदलली तर पुढचे अपडेट ती ओळ परत आणते.

लिनक्स बनवणारे एखादा ड्रायव्हर काढायचा विचार करतात तेव्हा इथल्या काट्यांची नोंद त्यांच्याकडे कुठेच नसते. जेल रोड, सिल्व्हर मॉलमधले जे दुकानदार लिनक्स टाकून देतात, त्यांनी काटा किंवा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर चालला नाही तर 'नवा घ्या' म्हणण्याआधी 'एलएसयूएसबी' (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) मधली ओळ, 'डीमेसग' (कर्नलचे संदेश) च्या शेवटच्या दहा-वीस ओळी आणि कर्नलचा नंबर बग म्हणून कळवावा.

– एक वाचक, रामबाग, इंदूर